आईच्या मेंदूतले रिसेप्टर ‘जागे’ करायचे का?

पत्राचा सारांश (लिहिणाऱ्या शिक्षिका आहेत, वय ४९. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत):

आई ६८ वर्षांची. पाच-सहा महिन्यांपासून विसरते. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते लक्षात राहत नाही, एकच प्रश्न तासाभरात तीनदा विचारते, भिशीचा हिशेब जुळेना म्हणून परवा रडली. थायरॉईडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी बारा वर्षं चालू आहे. ती सकाळच्या चहाबरोबर घेते आणि नाश्त्यानंतर लगेच कॅल्शियमची. नुकताच टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक, थायरॉईड कमी पडलं की ते वाढतं) ६.१ आला. ‘डी’ कमी होतं म्हणून डॉक्टरांनी ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्याला एक, असं आठ आठवडे सांगितलं होतं. बरं वाटलं म्हणून ते वर्षभर चालूच राहिलं. बीपीची गोळी आहे. गुडघ्यांसाठी आठ महिन्यांपासून ओळखीतल्या एकांकडून आयुर्वेदिक पुड्या आणतो, दोन दिवसांतच गुण आला. हल्ली तिला तहान फार लागते, पोट साफ होत नाही, झोप नाही. चेहरा मात्र भरलाय. उपाशीपोटी साखर पहिल्यांदाच १३८ आली. हैदराबादला औषध कंपनीत असलेल्या मामेभावाने न्यूक्लिअर रिसेप्टर आणि स्मरणशक्तीवरचा लेख पाठवला. आईचे रिसेप्टर मंद पडलेत, बेक्सारोटिन किंवा पायोग्लिटाझोन मिळवून देतो, असं तो म्हणतो. ते द्यावं का? थायरॉईडची गोळी १०० ची करावी का? ‘डी’ वाढवावं का? आणि माझी पाळी अनियमित झालीय, मलाही शब्द आठवत नाहीत. मी आत्तापासून इस्ट्रोजेन घेतलं तर पुढे डिमेन्शिया टळेल का?

ताई,

मामेभावाने पाठवलेला लेख बहुधा बरोबरच असेल. माणसाच्या शरीरात ४८ प्रकारचे न्यूक्लिअर रिसेप्टर, म्हणजे संप्रेरकांसारखे रेणू पकडणारी पेशीच्या आतली प्रथिनं, आहेत आणि त्यातले बरेचसे मेंदूतही काम करतात. थायरॉईडचं संप्रेरक, कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक), इस्ट्रोजेन, अ आणि ड जीवनसत्त्वांपासून तयार होणारे रेणू पेशीच्या आत शिरतात आणि आपापल्या रिसेप्टरला चिकटतात. मग तो रिसेप्टर थेट डीएनएवर बसून कोणती जनुकं चालवायची आणि कोणती थांबवायची ते ठरवतो. एका वेळी शेकडो जनुकं हलतात. म्हणून यांचा परिणाम डोकेदुखीच्या गोळीसारखा अर्ध्या तासात दिसत नाही. काही तासांनी सुरुवात होते, घडी बसायला आठवडे जातात, आणि औषध थांबवलं तरी परिणाम लगेच ओसरत नाही.

माझी हरकत लेखाला नाही, त्यावरून तुम्ही काढलेल्या अर्थाला आहे. रिसेप्टर मंद पडलेत, म्हणजे त्यांना जोरात हलवलं की डोकं चालेल, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमचंच पत्र पुन्हा एकदा वाचा. आईच्या तीन रिसेप्टरांवर बाहेरून आधीच काही ना काही जातंय. थायरॉईडच्या रिसेप्टरला कदाचित कमी मिळतंय. ‘डी’च्या रिसेप्टरला कदाचित जास्त. आणि तिसऱ्याचं नाव तुम्ही पत्रात घेतलेलंच नाही, ते पुडीत असावं असा मला दाट संशय आहे. चौथं औषध आणण्याआधी या तिघांचा हिशेब लावू.

पहिली पुडी. तिच्यात काय आहे हे मला इथून सांगता येणार नाही. पण दोन दिवसांत गुण, भरलेले गाल, उडालेली झोप आणि नव्याने चढलेली साखर हे चित्र स्टेरॉइडचं असतं. थायरॉईड कमी पडल्यानेही चेहरा सुजतो, पण त्याने साखर अशी चढत नाही. सांधेदुखीच्या ‘आयुर्वेदिक’ पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं सापडण्याचे प्रकार आपल्याकडे वारंवार उघड झाले आहेत. आणखी काही खुणा पाहा. भूक वाढलीय का? हातावर जरा धक्का लागला की काळंनिळं होतं का? एक-दोन दिवस पुडी चुकली तर दुखणं दुपटीने परत येतं का?

स्मरणशक्तीशी याचा संबंध सरळ आहे. मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग नव्या आठवणी पक्क्या करतो. कॉर्टिसॉल पकडणारे दोन प्रकारचे रिसेप्टर तिथे दाटीने असतात. एक इतका संवेदनशील की रोजच्या साध्या कॉर्टिसॉलवरही तो बराचसा भरलेला असतो. दुसरा, ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, ताण आला किंवा पहाटे कॉर्टिसॉल चढलं की भरतो आणि नंतर रिकामा होतो. हे भरणं-रिकामं होणं शिकण्यासाठी लागतं. रोज बाहेरून स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलचीच नक्कल, गेलं की दुसरा रिसेप्टर चोवीस तास व्यापलेला राहतो. त्यातही डेक्सामेथासोन असेल तर गोष्ट आणखी विचित्र होते. पहिल्या रिसेप्टरला ते नीट धरत नाही, आणि शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल मात्र दाबून टाकतं. म्हणजे एका ठिकाणी पूर आणि शेजारी कोरडं. माणूस नावं, यादी, नुकतंच बोललेलं विसरतो, चिडतो, रडतो, रात्री टक्क जागा राहतो. बोस्टनमधल्या रुग्णालयांत झालेल्या १९७२ च्या पाहणीत दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांत मानसिक त्रास १.३ टक्के जणांना झाला, ४१ ते ८० मिलिग्रॅमवर ४.६ टक्के आणि ८० च्या वर १८.४ टक्के जणांना. डोसाला इतकं महत्त्व आहे, आणि पुडीतला डोस कुणालाच माहीत नसतो.

आता नीट लक्ष द्या. घाबरून पुडी आज रात्रीपासून एकदम बंद करू नका. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ स्टेरॉइड गेलं की मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवणं सोडून देतात. बाहेरचा पुरवठा एकाएकी तुटला तर उलट्या, अतोनात थकवा, रक्तदाब आणि साखर कोसळणं, बेशुद्धी, इथपर्यंत मजल जाते. दोन-तीन दिवसांच्या आत एमडी फिजिशियन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचे डॉक्टर) गाठा. दिवसाला किती पुड्या, कधीपासून, मध्ये कधी खंड पडला का, हे लिहून न्या. उरलेल्या पुड्याही न्या. सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल तपासायचं की नाही, आणि पुडीच्या जागी माहितीतल्या डोसाची गोळी देऊन ती आठवड्या-आठवड्याने कशी उतरवायची, हे डॉक्टर ठरवतील. हा उतार कित्येकदा काही महिने चालतो. त्या काळात ताप, जुलाब, उलट्या किंवा ऑपरेशन असं काही आलं तर डोस तात्पुरता वाढवावा लागतो, ही सूचना डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि घरात सगळ्यांना दाखवा. पुड्यांमधल्या काही बाजूला ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. ओळखीतला माणूस आहे म्हणून जीव कचरेल, पण त्याच्या पुड्या इतर घरांतही जात असणार.

दुसरं सॅशे. आठवड्याला ६०,००० म्हणजे रोजचे साधारण ८,५०० युनिट झाले. वर आणखी कॅल्शियमची गोळी, आणि तिच्यातही बहुतेक वेळा ‘डी’ असतंच. एवढ्याने प्रत्येकाला विषबाधा होत नाही, पण काहींना होते. ‘डी’चा रिसेप्टर आतड्यातून कॅल्शियम ओढून घ्यायला लावतो, आणि रक्तात कॅल्शियम चढलं की नेमकं काय होतं? तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, सुस्ती आणि गोंधळ. यातल्या तीन गोष्टी तुमच्या पत्रात आहेत. (तहान साखरेनेही लागते, म्हणून अंदाज न बांधता रक्त तपासायचं.) बीपीच्या गोळीची पट्टी हातात घेऊन घटक वाचा. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर तेही कॅल्शियम वाढवतं. जोडगोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल तर सहसा त्यातलं पहिलं असतं.

सॅशे आणि कॅल्शियम दोन्ही आजपासून थांबवा, याला उताराची गरज नाही. रक्तातलं कॅल्शियम, अल्ब्युमिन (कॅल्शियम वाहून नेणारं प्रथिन), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि २५-हायड्रॉक्सी ‘डी’ तपासून घ्या. अल्ब्युमिन ४ पेक्षा कमी असेल तर कॅल्शियमचा आकडा दिसतो त्याहून खरा जास्त असतो. दर एक ग्रॅम कमतरतेमागे त्यात ०.८ मिळवायचे. कॅल्शियम १२ च्या वर असेल, किंवा आई गुंगीत असेल, तर ओपीडीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. सलाइनने ते खाली आणता येतं. ‘डी’ चरबीत साठतं. पातळी फार चढली असेल तर ती उतरायला काही महिने जातात, तोवर कॅल्शियम अधूनमधून पाहावं लागतं.

‘डी’ने स्मरणशक्ती सुधारते का, हाही तुमचा प्रश्न होताच. ज्यांना त्याची फार कमतरता आहे त्यांनी ती भरून काढावी, हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. पण अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत, जिच्यात २५,००० हून अधिक लोक होते, त्यांतल्या काही गटांची स्मरणशक्ती मुद्दाम मोजली गेली आणि रोज २,००० युनिटने काहीही फरक पडलेला दिसला नाही.

तिसरी थायरॉईडची गोळी. इथे तुमची शंका रास्त आहे. थायरॉईड खरंच कमी पडलं तर डोकं मंद चालतं, आणि विसरभोळेपणाच्या सुधारता येणाऱ्या कारणांत ते पहिल्या काहींत येतं. पण ६.१ वरून डोस १०० वर नेण्याआधी गोळी पोटात नीट जिरते तरी का ते पाहा. चहाबरोबर गोळी आणि मागोमाग कॅल्शियम, म्हणजे गोळीचा काही भाग रक्तात पोहोचतच नाही. कॅल्शियम आणि लोह या गोळीला आतड्यातच बांधून ठेवतात. उठल्यावर साध्या पाण्याबरोबर गोळी, त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास पाऊण तास चहाही नाही. कॅल्शियम पुढे कधी परत सुरू झालंच तर ते चार तासांनंतर, म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबर. पँटोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी रोज असेल तर तीही शोषण कमी करते, ते डॉक्टरांना सांगा. गोळ्यांची बाटली गॅसच्या ओट्याजवळ ठेवू नका. ऊब आणि वाफ यांनी ही गोळी खराब होते. बाटलीतला ओलावा शोषणारा छोटा डबा काढून टाकू नका.

अशी सहा ते आठ आठवडे शिस्त पाळा आणि मग टीएसएच पुन्हा करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी. त्याआधी करण्यात अर्थ नाही, आकडा तोवर स्थिरावलेला नसतो. आई केसांसाठी बायोटिन घेत असेल तर तपासणीआधी दोन दिवस बंद ठेवायचं, त्याने टीएसएच खोटाच कमी दिसतो. आणि हे लक्षात असू द्या की स्टेरॉइडही टीएसएच दाबतं. पुडीचा उलगडा होईपर्यंत ६.१ या आकड्यावर फार मदार ठेवता येणार नाही.

डोस उगाच वाढवला तर काय बिघडतं? या वयात थायरॉईड जास्त झालं की हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, त्यातून मेंदूत गुठळी जाण्याचा धोका येतो, हाडं विरळ होतात. सत्तरीच्या पुढे तर ४ ते ६ च्या दरम्यानचा टीएसएच चालवून घ्यावा असं अमेरिकन थायरॉईड असोसिएशनचंही म्हणणं आहे. २०१७ साली युरोपात ६५ वर्षांवरच्या ७३७ लोकांवर चाचणी झाली. त्यांचा टीएसएच किंचित वाढलेला होता, टी-४ (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) नॉर्मल होता. त्यांना गोळी देऊन लक्षणांत काही सुधारणा झाली नाही.

आता मामेभावाची औषधं. बेक्सारोटिनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१२ साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या एका प्रयोगशाळेने जाहीर केलं की या औषधाने अल्झायमरच्या उंदरांच्या मेंदूतले अमायलॉइडचे (या आजारात साचणाऱ्या प्रथिनाचे) साठे ७२ तासांत निम्म्याहून कमी झाले. जगभर बातमी झाली. २०१३ मध्ये इतर प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला आणि ते साठे विरघळलेले त्यांना दिसले नाहीत. पुढे वीस रुग्णांवर छोटी चाचणी झाली, मुख्य उद्दिष्ट साधलं नाही आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) वाढले. त्याचं कारण या औषधाच्या लक्ष्यातच आहे. थायरॉईडचा रिसेप्टर, ‘डी’चा, चरबी-साखरेचा पीपार, कोलेस्टेरॉलचा एलएक्सआर, हे सगळे डीएनएवर एकटे बसत नाहीत, जोडीने बसतात, आणि या सगळ्यांचा जोडीदार एकच असतो, आरएक्सआर. बेक्सारोटिन त्या सामाईक जोडीदारालाच पकडतं. मेंदूसाठी म्हणून घेतलं तरी रक्तातली चरबी वाढते आणि मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून टीएसएच बनणं दबतं, म्हणजे थायरॉईड कमी पडतं. त्वचेच्या एका प्रकारच्या लिम्फोमासाठी (कर्करोगासाठी) १९९९ पासून अमेरिकेत हे औषध मान्य आहे, आणि तिथे रुग्णांना बहुतेकदा थायरॉईडची आणि चरबीची गोळी जोडीनेच द्यावी लागते. आधीच थायरॉईडची गोळी घेणाऱ्या आईला ‘डोकं सुधारावं’ म्हणून हे द्यायचं?

पायोग्लिटाझोन पीपार-गामावर काम करतं. स्मरणशक्ती टिकवण्यासाठी त्याची मोठी चाचणी झाली, सुमारे साडेतीन हजार लोकांवर, आणि उपयोग दिसेना म्हणून २०१८ मध्ये ती थांबवली गेली. पायांना सूज, हृदयावर भार, स्त्रियांत हाडं मोडण्याचं वाढलेलं प्रमाण, हे त्याचे माहीत असलेले तोटे. २०१३ मध्ये भारतात त्यावर बंदी आली आणि सुमारे दीड महिन्यात, मूत्राशयाच्या कर्करोगाचा इशारा छापण्याच्या अटीवर उठली. मधुमेहासाठी डॉक्टर ते विचारपूर्वक देऊ शकतात, तो वेगळा विषय. भाऊ ते मिळवून देऊ शकतो, एवढ्याने ते आईला द्यावं असं होत नाही. त्याच्या मनात खोट नाही, हे मीही जाणतो.

तुमच्या स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात: डिमेन्शिया टाळायला म्हणून इस्ट्रोजेन घेऊ नका. ६५ वर्षांवरच्या ४,५३२ स्त्रियांवरच्या अमेरिकन चाचणीत, ज्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र दिलं त्यांच्यात डिमेन्शियाच्या ४० आणि नुसती साखरगोळी घेणाऱ्यांत २१ केसेस निघाल्या. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. पाळी नुकतीच गेलेल्या ७२७ स्त्रियांवरच्या दुसऱ्या चाचणीत चार वर्षांत स्मरणशक्तीचं ना भलं झालं ना वाईट. मात्र गरम वाफा येऊन रात्रभर झोप होत नसेल, तर पन्नाशीच्या आसपास हार्मोनचा उपचार हा चांगला पर्याय आहे. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव नाही ना हे स्त्रीरोगतज्ज्ञ आधी पाहतील, आणि गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागेल. शब्द न आठवणं या काळात फार जणींना होतं आणि बहुतेकींचं पुढे सावरतं. तुमचाही टीएसएच, हिमोग्लोबिन आणि बी-१२ एकदा पाहून घ्या.

आईच्या तपासण्यांत वरच्यांबरोबर सोडियम, बी-१२, हिमोग्राम आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) घाला. सर्दीच्या, खाजेच्या, लघवी रोखण्याच्या आणि झोपेच्या गोळ्याही टेबलावर काढा, त्यातल्या बऱ्याच या वयात डोकं जड करतात. स्मरणशक्तीची चाचणी आत्ताच एकदा करून घ्या, तिचं शिक्षण लक्षात घेऊन गुण लावणाऱ्या कुणाकडून, आणि सगळं मार्गी लागल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा. तेव्हाही तसंच असेल किंवा घसरलं असेल तर न्यूरॉलॉजिस्ट आणि एमआरआय. अल्झायमरची सुरुवात आणि पुडीचा परिणाम, दोन्ही एकाच वेळी असू शकतं, तेही मनात असू द्या. दरम्यान कान तपासून घ्या, बीपी आणि कोलेस्टेरॉल आवाक्यात ठेवा. लॅन्सेटच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची जी १४ टाळता येण्याजोगी कारणं दिली आहेत, त्यांत हे तिन्ही आहेत. पडल्यानंतर वाढलेला गोंधळ, अचानक बदललेली चाल किंवा बोलणं, ताप आणि भ्रम एकत्र, यातलं काही दिसलं तर तीन महिने कसले, तीन तासही थांबू नका.

राहिले गुडघे. ते दुखतच राहिले तर पुडी कुठून ना कुठून परत घरात येईल, म्हणून डॉक्टरांशी त्याच भेटीत याचंही बोलून घ्या. यकृत ठीक असेल तर पॅरासिटामॉल, २४ तासांत ३ ग्रॅमच्या आत, आणि गुडघ्यावर डायक्लोफेनॅकचं जेल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा पोटातून घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या मात्र स्वतःहून नकोत, स्टेरॉइडबरोबर त्या पोटात रक्तस्राव करू शकतात. पलंगावर आडवं होऊन एक पाय दुमडायचा, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच मोजायचे, खाली ठेवायचा. दहा वेळा, दोन्ही पाय, सकाळ-संध्याकाळ. काठी धरायची ती जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात.